चाकरमान्यांच्या गाडीत बसून

लंडनच्या भुयारी रेल्वेवर लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या दोन स्थानकांमध्ये तीनशे मीटरचंही अंतर नाही. गाडी सुटते न सुटते तोच थांबते. तरीही पर्यटक इमानेइतबारे लेस्टर स्क्वेअरचा सरकता जिना उतरतात, फलाटावर ताटकळतात, गाडीत घुसतात आणि कॉव्हेंट गार्डनला पोचल्यावर लिफ्टच्या रांगेत अडकतात. त्या स्थानकात सरकता जिना नाहीच. लिफ्टचा कंटाळा आला, तर गोल जिन्याच्या १९३ पायऱ्या चढायच्या. रस्त्याने चालत गेले असते तर एव्हाना पोचून कॉफीही पिऊन झाली असती.

यात दोष असेल तर तो भुयारी रेल्वेच्या नकाशाचा. हॅरी बेक या ड्राफ्ट्समनने १९३१ मध्ये तो काढला आणि १९३३ मध्ये तो प्रवाशांच्या हाती पडला. बेकचं म्हणणं साधं होतं. जमिनीखालून जाणाऱ्या माणसाला वरची वळणं कशाला हवीत? त्याला फक्त गाडी कुठे बदलायची एवढंच कळलं की पुरे. मग त्याने सगळे मार्ग सरळ केले, गजबजलेला मध्यभाग फुगवला आणि उपनगरं आक्रसली. लंडनकरांची त्याने मोठीच सोय केली. नवखा पाहुणा मात्र त्या नकाशालाच शहर समजतो. मग आठवडाभर फिरूनही बिग बेनपासून ट्रॅफल्गर स्क्वेअर चालत जाण्याइतका जवळ आहे, हे त्याला कळत नाही.

पॅकेज टूरवाल्यांना हा प्रश्न पडत नाही. त्यांची बस दारात उभी असते, टूर मॅनेजर हाका मारतो आणि ‘फोटो स्टॉप’ झाला की पुढचं शहर. प्रश्न लांब मुक्कामाला आलेल्यांचा. परदेशात स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा लेकीकडे दोन-चार महिने राहायला जाणारे आईवडील पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात आता घरोघरी आहेत. शनिवार-रविवारी मुलगा गाडीतून हिंडवतो. सोमवारी तो ऑफिसला जातो, सून ऑफिसला जाते, नातवंडं शाळेत जातात. उरलेले पाच दिवस करायचं काय? तिकिटाची महागडी आकर्षणं रोज परवडत नाहीत आणि रोज पाहवतही नाहीत. अशा वेळी उपयोगी पडतं ते त्या शहराच्या चाकरमान्यांचं वाहन: साधी बस, ट्राम, बोट. पर्यटकांसाठी खास रंगवलेल्या, कानात हेडफोन घालून बसायच्या बसगाड्यांपेक्षा ती स्वस्त असते आणि खरं सांगायचं तर जास्त प्रामाणिकही असते.

लंडनमध्येच पाहा. उत्तरेला हॅम्पस्टेड हीथपासून दक्षिणेला पिम्लिकोपर्यंत जाणारी २४ नंबरची बस घ्यावी आणि वरच्या मजल्यावरची अगदी पुढची सीट पकडावी. मुंबईत ‘बेस्ट’च्या डबल डेकरमध्ये या सीटसाठी ज्यांनी धक्काबुक्की केली आहे, त्यांना तिचं महत्त्व सांगायला नको. कॅम्डेनचा बाजार, टॉटनहॅम कोर्ट रोड, नाटकांच्या जाहिरातींनी भरलेला चॅरिंग क्रॉस रोड, ट्रॅफल्गर स्क्वेअरमधला नेल्सनचा पुतळा आणि मग व्हाइटहॉल. डाउनिंग स्ट्रीटच्या तोंडाशी असलेलं काळं लोखंडी फाटक आणि तिथले बंदूकधारी पोलीस वरून नीट दिसतात. पुढे पार्लमेंट. हे सगळं साध्या बसभाड्यात. पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या, तरी दुसऱ्यांदा पैसे कापले जात नाहीत. म्हणजे मध्येच उतरून पाय मोकळे करून मागून येणारी बस पकडता येते.

त्यासाठी थोडी पूर्वतयारी लागते. लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत; कंडक्टरही नसतो. भारतातली बहुतेक बँक कार्डं परदेशी व्यवहारांसाठी मुळात बंदच असतात. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय आणि कॉन्टॅक्टलेस वापर सुरू करून घ्यावा लागतो. नवरा-बायको दोघांनी मिळून एकच कार्ड टेकवलेलंही चालत नाही. प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं.

याच कॅम्डेनच्या परिसरात मराठी माणसाने चुकवू नये असं एक घर आहे: १०, किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना, १९२१-२२ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. चॉक फार्म स्थानकापासून ते चालत काही मिनिटांवर आहे. शांत, उतरत्या दुपारी दारं बंद असणाऱ्या वस्तीतलं घर. युरोप सहलीच्या ठरावीक छापील कार्यक्रमात ते सहसा बसत नाही, याचं आश्चर्य वाटतं.

चाकरमान्यांच्या वाहनाने शहर पाहण्याची ही युक्ती न्यूयॉर्कमध्ये चक्क फुकट पडते. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावरच्या व्हाइटहॉल धक्क्यावरून स्टेटन आयलंडला जाणारी नारिंगी बोट दिवसरात्र चालते. जवळजवळ साडेआठ किलोमीटरचा, पंचवीसेक मिनिटांचा प्रवास. ५० सेंटचं भाडं होतं, तेही शहराने १९९७ मध्ये रद्द केलं. जाताना उजव्या बाजूच्या कठड्याशी उभं राहावं, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा त्या बाजूला येतो, येताना डावीकडे. पुतळ्याच्या बेटावर उतरायचं असेल तर मात्र बॅटरी पार्कहून वेगळी बोट आणि वेगळं तिकीट. ज्यांना पायथ्याशी जाऊन फोटोच काढायचा आहे, त्यांनी ते जरूर काढावं. बाकीच्यांना पाण्यावरून दिसणारं दृश्य पुरतं. मागे वळून पाहिलं तर मॅनहॅटनच्या इमारतींची सगळी रांग एका नजरेत येते, आणि मॅनहॅटनमध्ये उतरल्यावर ती तशी कधीच दिसत नाही.

गंमत म्हणजे बोटीतल्या निम्म्या लोकांचं पुतळ्याकडे लक्षच नसतं. कोणी मोबाइलमध्ये, कोणी डोळे मिटून. ते कामावरून घरी चाललेले असतात. पलीकडच्या धक्क्यावर सगळ्यांना उतरावंच लागतं. परत यायचं तर फेरा मारून पुन्हा चढायचं. अलीकडे, व्हाइटहॉलच्या आसपास, या फुकटच्या बोटीची ‘तिकिटं’ विकणारे महाभाग भेटतात. त्यांच्याकडे लक्ष न देता सरळ आत चालू पडावं.

हाँगकाँगच्या स्टार फेरीशी मुंबईचा तर थेट संबंध आहे. कौलून आणि हाँगकाँग बेट यांच्यामधल्या खाडीत ही बोटसेवा उभी केली ती मुंबईहून तिकडे गेलेल्या डोराबजी नौरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थांनी. त्यांची कौलून फेरी कंपनी १८८८ ची. बोटींच्या नावांत ‘स्टार’ असायचं. १८९८ मध्ये कंपनीचंच नाव स्टार फेरी झालं. समुद्राखालचा बोगदा १९७२ मध्ये झाला. तोवर खाडी ओलांडायची म्हणजे बोटच. तिच्या भाड्याला किती महत्त्व होतं, हे १९६६ मध्ये दिसलं. वरच्या वर्गाचं भाडं ५ सेंटने वाढवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा एका तरुणाने धक्क्यावर उपोषण मांडलं आणि काही दिवसांत शहरात दंगल उसळली.

हिरव्या-पांढऱ्या रंगाच्या त्या बोटी आजही चालतात. बाकांच्या पाठी पुढे-मागे ढकलता येतात, कारण बोट वळतच नाही. तिची दोन्ही टोकं सारखीच, जाताना जो मागचा भाग तोच येताना पुढचा. चढलेला प्रवासी आधी खटकन बाकाची पाठ फिरवतो आणि मग बसतो. मेट्रोपेक्षा भाडं कितीतरी कमी, वेळ दहा मिनिटांच्या आत, आणि समोर दोन्ही तीरांवरचे टॉवर. उतरल्यावर बेटाच्या उत्तर किनाऱ्याने धावणारी, १९०४ पासूनची ट्राम. तिच्यात मागून चढायचं आणि उतरताना पुढच्या दाराशी पैसे टाकायचे. नवखे लोक उलट करतात आणि सगळ्यांचा खोळंबा होतो.

इस्तंबूलची बोट तर नोकरदारांना सकाळी एका खंडातून दुसऱ्या खंडात नेते. एमिनोनूहून कादिकोयला जाताना लोक छोट्या काचेच्या पेल्यात चहा पितात, तिळाची कडक गोल रोटी तोडतात आणि तिचे तुकडे समुद्रपक्ष्यांना टाकतात. पॅरिसमध्ये मेट्रोची सहा नंबरची लाइन बीर-हकेमपाशी सेन नदी पुलावरून ओलांडते. तेवढ्या मिनिटात आयफेल टॉवर खिडकीत येतो आणि जातो. टॉवर चढायला लागणारी रांग लक्षात घेता हा सौदा वाईट नाही.

अर्थात सगळंच खिडकीतून भागत नाही. पॅरिसचं लुव्र संग्रहालय पाहायचं तर आत जायलाच हवं. वेळेचं तिकीट आधी काढावं आणि मंगळवारी ते बंद असतं हे लक्षात ठेवावं. तिथलंच ओर्से संग्रहालय सोमवारी बंद. जानेवारी २०२६ पासून लुव्रने युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या पाहुण्यांसाठी तिकीट ३२ युरो केलं आहे. एवढे पैसे मोजून नुसत्या ७७ बाय ५३ सेंटिमीटरच्या मोनालिसासमोरच्या गर्दीत तासभर चेंगरून घेणं हा शुद्ध वेडेपणा. तोच तास बाजूच्या दालनांत घालवावा, तिथे गर्दी पुष्कळ कमी असते.

या युक्तीची एक गोम आहे. ती सगळ्यांना कळली की बिघडते. लिस्बनची २८ नंबरची पिवळी ट्राम चढ-उताराच्या अरुंद गल्ल्यांतून जाते. तिची ख्याती इतकी झाली, की पर्यटकांच्या रांगेमुळे तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना बाजारहाट करून घरी जायला ट्राममध्ये जागा मिळेना. वर खिसेकापूंची चंगळ. जपानमधल्या क्योटोत हेच बसचं झालं. मोठाल्या सुटकेसी घेऊन पर्यटक शहराच्या बसमध्ये शिरू लागले आणि दवाखान्यात निघालेले, शाळेत निघालेले थांब्यावरच राहू लागले. शेवटी शहराने एक दिवसाचा बसपास २०२४ च्या मार्चअखेर बंद केला आणि भुयारी रेल्वे व बस यांचा एकत्र पास पुढे केला. त्याच वर्षी जूनपासून सुट्टीच्या दिवशी पर्यटकांसाठी वेगळ्या एक्स्प्रेस बस सुरू झाल्या. साध्या बसचं भाडं २३० येन, तर या बसचं ५००. जपानमध्ये सामान एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात पाठवण्याची कुरियर सेवा उत्तम आहे आणि बॅग सहसा दुसऱ्या दिवशी पोचते. तेव्हा क्योटोत सुटकेस हॉटेलच्या काउंटरवर सोपवावी, पाठीला छोटी पिशवी लावावी आणि देवळांकडे जाणारी बस सकाळची घाई ओसरल्यावर धरावी.