पाच नद्यांच्या गावातला अशोका

तंजावरहून उत्तरेला निघालं की 13 किलोमीटरांवर तिरुवैयारू लागतं. तमिळमध्ये ‘ऐ’ म्हणजे पाच, ‘आरु’ म्हणजे नदी. वडवारू, वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी आणि कावेरी, अशा पाच नद्यांचं हे गाव. इथे मॉल नाही, पण परगावच्या माणसाला वाट वाकडी करायला लावणारं दुकान आहे: आंडवर अल्वा कडै. ‘आंडवर’ म्हणजे देव, ‘कडै’ म्हणजे दुकान आणि ‘अल्वा’ आपला हलवाच. तिथली ओढ आहे ती अशोकाची.

अशोका म्हणजे मुगाच्या डाळीचा हलवा. याच गावच्या मिठाईवाल्याने तो पहिल्यांदा केला, असं इथली माणसं अभिमानाने सांगतात. तमिळनाडूत हलवा म्हटलं की आधी तिरुनेलवेलीचं नाव निघतं. पण त्या हलव्याचा जीव भिजवून वाटलेल्या गव्हाच्या चिकात असतो, अशोकाचा डाळीत. तो वडीसारखा कापायचा नाही. मऊ, सैलसर, तुपाने निथळणारा खायचा.

करायला सोपा वाटतो, आणि तिथेच फसगत होते. मुगाची डाळ खमंग भाजायची, पण तांबूस होऊ द्यायची नाही. मग ती इतकी शिजवायची की बोटांत धरली तर कणी लागू नये. ती घोटून घ्यायची आणि साखर त्यानंतरच घालायची. मी घरी पहिल्यांदा केला तेव्हा घाई केली, डाळ अर्धकच्ची असतानाच साखर टाकली. मग कितीही शिजवली तरी डाळ मऊ होईना. दातांखाली कणी येतच राहिली. साखर डाळीच्या दुपटीहून जास्त लागते. ती विरघळली की मिश्रण पातळ होतं आणि नवशिक्याचा धीर सुटतो. तेव्हाच तुपावर भाजलेली थोडी कणीक त्यात जाते, केशरी रंग पडतो, मग तूप थोडं थोडं सोडत घोटत राहायचं. कढईच्या कडा सुटल्या, तूप वर आलं, वेलदोडा पडला, की झाला.

मला हा पदार्थ फार जवळचा वाटतो. मुगाची डाळ, तूप, वेलदोडा: सगळं आपल्याच स्वयंपाकघरातलं. हा मुलूखही परका नाही. 1855 पर्यंत इथे भोसल्यांची गादी होती. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर 1803 चा मराठी शिलालेख आजही आहे, आणि तंजावरी मराठी अजून काही घरांत बोलली जाते. अशोका मराठ्यांनी आणला असं मात्र मी म्हणणार नाही. तो तिरुवैयारूचा आहे. आता कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या लग्नांतही पानावर तो मानाने येतो.

जानेवारीच्या सुमारास पौष वद्य पंचमीला गावाचं रूप पालटतं. 1847 साली याच तिथीला कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज इथे समाधिस्थ झाले. गायिका बंगळूर नागरत्नम्मांनी आपली पुंजी घालून उभारलेल्या त्यांच्या समाधिमंदिरापाशी शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यागराजांच्या पंचरत्न कृती गातात. गाणं संपलं की रसिक पांगतात, आणि बरेचजण अशोकाच्या शोधात निघतात. आधी गरम अशोका, मग त्याच हातावर मूठभर तिखट चिवडा. बोटांना लागलेल्या तुपाला तो चिवडा चिकटतो, आणि परतीच्या बसमध्ये बसलं तरी तळव्याला वेलदोड्याचा वास येत राहतो.