दरडोई बारा जेवणं

१२. अमेरिकेतल्या फूड बँकांच्या सर्वांत मोठ्या जाळ्याने आपला सगळा साठा 'स्नॅप' ही सरकारी अन्नमदत घेणाऱ्यांनाच वाटून टाकला, तर माणशी महिन्याला एवढीच जेवणं वाट्याला येतील. लागतात नव्वद.

हिशोब सरळ आहे. 'फीडिंग अमेरिका' या जाळ्याच्या सुमारे २०० फूड बँका म्हणजे मोठी गोदामं. तिथून गल्लीबोळांतल्या, चर्चच्या तळघरांतल्या सुमारे ६० हजार पँट्री (मोफत शिधा देणारी केंद्रं) आणि अन्नछत्रांना माल जातो. वर्षाला जवळपास ६ अब्ज जेवणं, म्हणजे महिन्याला ५० कोटी. २०२४च्या आर्थिक वर्षात 'स्नॅप' घेणारे दरमहा सरासरी ४ कोटी १७ लाख. बारा येतात ते असे. त्यातही 'जेवण' म्हणजे वाढलेलं ताट नव्हे, १.२ पौंड, साधारण ५४५ ग्रॅम माल म्हणजे एक जेवण. नुसते बटाटे आले तरी मोजणी तीच.

गरज किती? कृषी खात्याच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये १३.५ टक्के कुटुंबांना वर्षात कधी ना कधी पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. या घरांत ४ कोटी ७४ लाख माणसं राहत होती, पैकी १ कोटी ३८ लाख मुलं.

आपल्या रेशनवर धान्य मिळतं. 'स्नॅप'मध्ये कार्डावर पैसे जमा होतात. २०२४च्या आर्थिक वर्षात माणशी महिना सरासरी १८७.२० डॉलर. तीन वेळचं धरलं तर एका जेवणाला २ डॉलर ८ सेंट. ही मदत पूरक आहे, बाकीची भर पगारातून घालावी, असं गृहीत आहे. पण घरभाडं आधी जातं. कार्डावरची बहुतेक रक्कम पहिल्या पंधरवड्यातच संपते आणि महिनाअखेरीस माणसं पँट्रीकडे वळतात. या रांगेत नोकरी करणारेही असतात.

अमेरिकेत सरकारी कामकाज ४३ दिवस ठप्प झालं, त्यात नोव्हेंबर २०२५ची मदत अडली आणि पँट्रींवर एकदम भार आला. ही मदत २०२४च्या सरासरीने महिन्याला सुमारे ७.८ अब्ज डॉलरची. ती खिंड शेजाऱ्यांनी आणून दिलेल्या डबाबंद अन्नाने कशी लढवायची? त्याच वर्षी जुलैत झालेल्या कायद्यामुळे 'स्नॅप'चा खर्च दहा वर्षांत सुमारे १८६ अब्ज डॉलरने घटेल, असा संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे. वर्षाकाठी सरासरी काढली तर २०२४च्या खर्चाच्या जवळपास पाचवा हिस्सा.

म्हणून पँट्रीला मदत करू नये असं नाही. मात्र ती रोख द्यावी. एका डॉलरमध्ये दहा जेवणं, हा 'फीडिंग अमेरिका'चा दावा जाहिरातीसारखा वाटतो खरा. पण माल बराचसा दानात आलेला असतो. खर्च होतो तो ट्रक, शीतगृह आणि हमाली यांवर. फडताळात मागे राहिलेला सूपचा डबा तिथे नेऊन दिला, तर त्याची तारीख तपासायलाही एक स्वयंसेवक लागतो.