आमचं तेल, तुमचं सोयाबीन

आम्ही बिबवेवाडीच्या बचत गटातल्या. मार्केट यार्ड आम्हाला जवळ, म्हणून दिवाळीच्या फराळाचं सगळं सामान आम्ही तिथल्या भुसार बाजारातून आणतो. २०२४ साली ऑर्डरी जरा लवकर, गणपतीतच घेतल्या. दर आदल्या वर्षीचेच सांगितले. आणि अनंत चतुर्दशीच्या तीन दिवस आधी, १४ सप्टेंबरला, सगळा हिशोब फिरला.

त्या दिवसापासून सरकारने बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावर ५.५ टक्के होतं, ते २७.५ झालं. रिफाइंडवर १३.७५ चं ३५.७५ झालं. आपल्या देशात जेवढं तेल लागतं त्यातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीनचं अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनकडून. २०२२ च्या फेब्रुवारीत तिकडे लढाई पेटली तेव्हा आपल्याकडे पिशवीचा भाव का चढला, ते यावरून कळेल.

आता चकलीत तेल कमी करून चालत नाही. भाजणीत कडकडीत मोहन कमी पडलं की चकली दगड होते. दुकानात डब्याचा नवा भाव ऐकून आम्ही भांडलोच. सरकारने तेल कंपन्यांना सांगितलं होतं, जुन्या शुल्काचं सुमारे ३० लाख टन तेल देशात आहे, ४५-५० दिवस पुरेल, तोवर भाव वाढवू नका. म्हणजे मोजून दिवाळीपर्यंत! आमच्या डब्यापर्यंत ते काही पोचलं नाही.

आमच्यातल्या एकीचं माहेर लातूरकडचं. ती म्हणाली, "तुम्ही तेलाला रडताय, माझी वहिनी सोयाबीनला रडतेय." त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि बाजारात त्याहून कितीतरी कमी मिळत होता. बाहेरचं स्वस्त तेल थोडं अडलं तर आपल्या शेतकऱ्याला दोन पैसे मिळतील, यासाठीच हे शुल्क वाढवलं होतं. हे ऐकल्यावर आमचा आवाज जरा खाली आला.

पण मग वहिनीला ते पैसे मिळाले का? फारसे नाही. तेल चार दिवसांत चढलं. सोयाबीन मात्र त्या हंगामात बहुतेक बाजारांत हमीभावाच्या खालीच राहिलं. आम्हाला हे कोडंच वाटलं. विचारत गेलो तेव्हा उलगडलं. एक क्विंटल सोयाबीन गाळलं की तेल निघतं साधारण १८ किलो. उरते ती बहुतेक सगळी पेंड. ती कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्याला जाते, परदेशीही जाते. सोयाबीनचा भाव तेलाइतकाच, किंबहुना जास्त, या पेंडीवर ठरतो. त्या वर्षी जगात सोयाबीन भरपूर, त्यामुळे पेंड स्वस्त. त्यात मक्यापासून इथेनॉल काढून उरलेला चोथा पोल्ट्रीवाल्यांना आणखी स्वस्तात मिळू लागला. शुल्क लागलं तेलाला, पेंडीला त्याचा आधार नाही. म्हणून तेल विकत घेणारीचे पैसे गेले, आणि पिकवणारीच्या हाती ते आले नाहीत.

आम्ही घेतलेल्या ऑर्डरी बोलल्या दरानेच दिल्या. चकली-शेवेत काही सुटलं नाही, साजूक तुपातल्या रव्याच्या लाडवांनी हात दिला. आता ऑर्डरीच्या चिठ्ठीवर आम्ही लिहून देतो: तेलाचा भाव वाढल्यास तळणाच्या पदार्थांचा दर बदलेल. तुमच्या गटानेही हे जरूर लिहावं. आणि आगाऊ रक्कम हातात आली की त्याच दिवशी तेल भरून टाकावं.

मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या तेलावरचं शुल्क उतरून १६.५ टक्क्यांवर आलं. बातमी आली तेव्हा आम्ही खूश झालो. लातूरवाली मात्र लगेच उठून वहिनीला फोन लावायला गेली. तिकडे पेरणीच्या तोंडावर सोयाबीन टाकायचं की तूर, हे ठरायचं होतं.