प्रकाश आत, ध्वनी बाहेर

चाकणच्या कारखान्यातून नवी मोटार बाहेर पडते, तेव्हा तिचे प्रतिरूप संगणकात कित्येकदा आदळून चुकलेले असते. पत्र्याची जाडी, सांध्यांची ताकद, धडकेचा वेग हे सारे आकड्यांत मांडून अपघात पडद्यावर घडविला जातो. खरी गाडी भिंतीवर आदळण्याची पाळी नंतर, मोजक्याच वेळा येते. भोसरी, पिंपरी, चाकण या पट्ट्यात सुटे भाग, पोलाद, पॅकिंगचे साहित्य पुरविणाऱ्या आपल्या कुटुंबांना 'सिम्युलेशन' हा शब्द त्यामुळे परका नाही. हीच पद्धत आता मानवी देहाच्या तपासणीसाठीही वापरली जाते. प्रकाश आणि श्राव्यातीत ध्वनी यांच्या संयोगातून शरीराच्या आतील चित्र काढण्याचे जे तंत्र विकसित होत आहे, त्याला इंग्रजीत 'फोटोअकॉस्टिक' म्हणतात. आपण त्याला प्रकाश-ध्वनी चित्रण म्हणू.

मूळ शोध जुना आहे. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना 1880 मध्ये असे आढळले की, थांबून थांबून पडणारा प्रकाश एखाद्या पदार्थाने शोषला की त्यातून आवाज निघतो. कारण साधे आहे. प्रकाश शोषला की पदार्थ किंचित तापतो, तापला की किंचित फुगतो, आणि हे फुगणे-आकसणे म्हणजेच ध्वनिलहर. आजच्या यंत्रांत लेसरचा झोत सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरताच सोडतात. ऊतीचे तापमान अंशाच्या हजारांश भागाने वाढले, तरी सुमारे 800 पास्कल इतका दाब उठतो आणि त्वचेवर टेकविलेला सोनोग्राफीचा प्रोब तो ऐकतो.

एवढा खटाटोप कशासाठी? साध्या सोनोग्राफीत गाठीचा आकार दिसतो, पण तिच्यातील रक्त किती ऑक्सिजन वाहून नेते हे कळत नाही. प्रकाशाला ते कळते, कारण ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजनविरहित रक्त वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश कमी-अधिक शोषते. मात्र शरीरात शिरलेला प्रकाश साधारण मिलिमीटरभर गेला की विखुरतो आणि दिशा विसरतो. ध्वनी तसा भरकटत नाही. म्हणून माहिती प्रकाशाची आणि वाहतूक ध्वनीची, अशी ही भागीदारी आहे. वाढणाऱ्या कर्करोगाच्या गाठी स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करतात. स्तनाच्या गाठींच्या निदानात या तंत्राकडे आशेने पाहिले जाते ते यासाठीच.

संगणकात हे सारे दोन टप्प्यांत घडवितात. पहिल्या टप्प्यात प्रकाशाचे कोट्यवधी कल्पित कण ऊतीत सोडून प्रत्येक कण कुठे वळतो, कुठे शोषला जातो हे संभाव्यतेच्या नियमांनी ठरवितात. या रीतीला मॉन्टे कार्लो हे जुगाराच्या अड्ड्याचे नाव पडले आहे. (द्यूत हे सप्तव्यसनांपैकी एक खरे, पण या फाशांतून रोगनिदान निघत असेल तर तेवढी सूट द्यायला हरकत नसावी.) दुसऱ्या टप्प्यात त्या उष्णतेतून उठलेली ध्वनिलहर देहाच्या प्रतिरूपातून पुढे सरकविली जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील ब्रॅडली ट्रीबी आणि बेन कॉक्स यांनी त्यासाठी तयार केलेली 'के-वेव्ह' ही संगणकप्रणाली 2010 मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती संशोधकांना मोफत उपलब्ध आहे.

हिशेबाची सवय असणाऱ्यांसाठी एक आकडेमोड देतो. ऊतीत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1540 मीटर. 5 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी भरते 0.3 मिलिमीटर. लहर नीट टिपायची तर चौकट 0.1 मिलिमीटरची हवी. म्हणजे 10 सेंटिमीटर बाजूच्या घनात 100 कोटी चौकटी, आणि हजारो क्षणांसाठी प्रत्येक चौकटीचा हिशेब पुन्हा पुन्हा. अशा कामासाठी शक्तिशाली संगणक लागतात. त्यांची परंपरा पुण्याला आहे: सी-डॅकची स्थापना 1988 मध्ये झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये 'परम 8000' साकारला.

चाकणहून नाशिक रस्त्याने पुढे गेले की नारायणगावाजवळ खोडद येथे 'जीएमआरटी' ही दुर्बीण लागते. तिच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या दूरवर पसरलेल्या आहेत. प्रत्येकीपर्यंत लहर थोडी मागेपुढे पोहोचते आणि त्या सूक्ष्म फरकांवरून आकाशाचे चित्र रचले जाते. प्रकाश-ध्वनी यंत्रातील संवेदकांची रांग हेच काम बोटभर अंतरात करते.

खरी अडचण आहे ती उलट्या वाटेची. धंदा ठाऊक असेल तर ताळेबंद मांडणे सोपे. केवळ ताळेबंद पाहून धंद्याची खरी प्रकृती ओळखणे कठीण. बँकेत कर्जप्रस्ताव तपासण्यात माझी उमेद गेली, ते सारे या दुसऱ्या प्रकारचे काम. इथेही देहावरून ध्वनी काढणे सरळ गणित आहे, पण ध्वनीवरून देह ओळखणे हे उलटे गणित. त्यात गृहीतके चुकली की चित्र चुकते. चरबीत ध्वनी सुमारे 1450 मीटर वेगाने जातो. यंत्राने सर्वत्र 1540 धरले, तर चरबीखाली 4 सेंटिमीटरवर असलेली रक्तवाहिनी जवळपास अडीच मिलिमीटर खोल सरकलेली दिसेल.

याहून मोठा धोका म्हणजे ज्याला गणितज्ञ 'उलट्या गणितातील गुन्हा' म्हणतात तो. ज्या प्रतिरूपातून नमुन्याचा ध्वनी तयार केला, त्याच प्रतिरूपाने त्याचे चित्र काढले की निकाल हमखास सुंदर येतो. जमाखर्च लिहिणाऱ्यानेच लेखापरीक्षण करावे, तसा हा प्रकार. जाणकार संशोधक म्हणूनच दोन्हींसाठी वेगवेगळ्या चौकटी वापरतात, ध्वनीत मुद्दाम गोंगाट मिसळतात.

प्रतिरूपातील त्वचा कोणाची, हा प्रश्न तर आपल्या घरापर्यंत येतो. त्वचेतील मेलॅनिन प्रकाश शोषते; त्वचा सावळी असेल तर आत कमी प्रकाश पोहोचतो आणि पृष्ठभागावरच मोठा ध्वनी उठतो. करोनाकाळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटरही प्रकाशावरच चालतो. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये डिसेंबर 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात असे आढळले की, कृष्णवर्णीय रुग्णांतील ऑक्सिजनची छुपी घट या उपकरणाच्या नजरेतून गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा निसटली. गोऱ्या त्वचेवर बेतलेली यंत्रे आपल्या आया-बहिणींना लावायची, तर त्यांच्या त्वचेचे आकडे प्रतिरूपात असायलाच हवेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

अहिंसेच्या दृष्टीने या पद्धतीचे एक मोल आहे. रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्ये प्राणिप्रयोग टाळण्याचे व घटविण्याचे तत्त्व मांडले. संगणकात जे पारखता येते त्यासाठी उंदीर लागत नाही. प्रयोग पूर्णपणे संपतात असे मात्र नाही. शिवाय चाचणीसाठी ऊतीचे जे कृत्रिम नमुने करतात, त्यांत जिलेटिन प्राणिजन्य, तर अगार समुद्री शैवालापासूनचे. दोन्ही वापरात आहेत.

प्रत्यक्षात हे तंत्र कुठवर आले? सेनो मेडिकल या कंपनीच्या 'इमॅजिओ' यंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी 2021 मध्ये मान्यता दिली. त्यात 757 आणि 1064 नॅनोमीटरचे दोन लेसर आहेत. मान्यता आहे ती सोनोग्राफीच्या जोडीने, आढळलेल्या गाठीचे मूल्यमापन करण्यासाठी. निरोगी स्त्रियांच्या सरसकट तपासणीसाठी नाही. मॅमोग्राफी किंवा बायोप्सी डॉक्टरांनी सांगितली असेल, तर नव्या यंत्राच्या प्रतीक्षेत ती लांबणीवर टाकू नये.

आपल्या समाजातील ट्रस्ट रुग्णालयांना यंत्रे भेट देतात. उद्या असे यंत्र सुचविले गेले, तर विक्रेत्याला दोन गोष्टी विचाराव्यात: दाखविलेली चित्रे संगणकातील प्रतिरूपाची की रुग्णांची, आणि रुग्णांची असल्यास त्यांत भारतीय किती? आणखी एक व्यवहाराची बाब. यंत्रात सोनोग्राफी असल्याने 1994 चा प्रसवपूर्व निदानतंत्राचा कायदा लक्षात घ्यावा लागतो. नोंदणी नसलेल्या केंद्राला सोनोग्राफी यंत्र विकता येत नाही. देणगीचा ठराव करण्यापूर्वी रुग्णालयाच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी.