घाम निघतो, पण कंटाळा येत नाही

आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करा, असे जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना सांगते. तरीही २०२२ मध्ये जगातील सुमारे ३१ टक्के प्रौढ तेवढी हालचाल करत नव्हते. भारतात हे प्रमाण निम्म्याच्या घरात होते. व्यायाम चांगला, हे सगळ्यांना पटलेले आहे. तो रोज करावासा वाटत नाही, तिथे घोडे पेंड खाते. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीतला (व्हीआर) व्यायाम नेमका इथे कामाला येतो.

प्रागमधल्या कंपनीचा, २०१८ मध्ये आलेला ‘बीट सेबर’ हा खेळ घ्या. डोळ्यांवर हेडसेट, दोन्ही हातांत कंट्रोलर, जे खेळात तलवारी होतात. गाण्याच्या ठेक्यावर समोरून ठोकळे येतात. लाल ठोकळा डाव्या हातातल्या तलवारीने कापायचा, निळा उजव्या हातातल्या. तोही त्यावरच्या बाणाच्या दिशेने. मधूनच डोक्याच्या उंचीवर भिंत येते, की झटकन खाली बसायचे. गाणे संपते तेव्हा दंड भरून आलेले असतात आणि बऱ्याच बैठकाही झालेल्या असतात.

हे घडते, कारण लक्ष दुसरीकडे गुंतलेले असते. अमेरिकेत सिएटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ हा व्हीआर खेळ तयार केला. जखमा साफ होत असताना रुग्ण आभासी बर्फाचे गोळे फेकत आणि त्यांना वेदना कमी जाणवत. दमण्याचेही तसेच आहे. नाडी जलद चालत असते, पण धापेकडे ध्यान नसल्याने श्रम हलके वाटतात.

मात्र लक्ष गुंतले म्हणून सवय लागत नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते आतून येणारी प्रेरणा तीन गोष्टींवर जगते: आपण स्वतः निवडल्याची भावना, जमू लागल्याचा अनुभव आणि इतरांशी जोडलेपण. खेळात गाणे आणि काठिण्यपातळी आपण ठरवतो, प्रत्येक अचूक वाराची पावती तत्क्षणी मिळते, मित्रासोबतही खेळता येते. ट्रेडमिलवरचे आकडे यातले फारसे काही देत नाहीत.

अडचणीही खऱ्या आहेत. अर्ध्या किलोचे हेडसेट घामाने चिकटते. डोळ्यांना दिसणारी हालचाल कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला जाणवली नाही, की काहींना मळमळते. किंमत सर्वांना परवडणारी नाही. शिवाय नव्याचे नऊ दिवस सरले, की तीच गाणी शिळी होतात. म्हणून हेडसेट घेण्याआधी एखाद्या गेमिंग सेंटरमध्ये खेळून पाहावे, घरी मोकळी जागा ठेवावी, तोल जाण्याचा किंवा हृदयाचा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारावे.

हेडसेट नसले तरी यातला धडा घेता येतो. किती कॅलरी जळाल्या हे नंतर पाहा. हे उद्या पुन्हा करावेसे वाटेल का, हे आधी विचारा. लेझीम, बॅडमिंटन, टेकडी चढणे, ज्याचे उत्तर ‘हो’ येईल तोच व्यायाम आपला. आनंदाला व्यायामाचे बक्षीस समजू नका. तोच त्याचा पाया आहे.