खडूच्या माळावरील प्राणिबाग

प्राणिसंग्रहालय म्हटलें कीं आपणां शहरवासीयांच्या डोळ्यांपुढें भायखळ्याची राणीची बाग उभी राहते. गज, आणि गजांपलीकडे येरझारा घालणारें जनावर. आज ज्या बागेविषयीं सांगावयाचें आहे, ती लंडनच्या वायव्येस सुमारें ३० मैलांवर, बेडफर्डशायरमधील व्हिप्सनेड या खेड्यालगत आहे. तिचा विस्तार सुमारें ६०० एकर आहे.

येथील टेकड्यांस डन्स्टेबल डाउन्स म्हणतात. ‘डाउन’ म्हणजे खालीं, असें आपण शाळेंत शिकलों. येथें मात्र तो शब्द टेकडी या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून आलेला आहे. या टेकड्या खडूच्या आहेत. फळ्यावरचा खडू हल्लीं बहुधा जिप्समचा असतो, हा खडू निराळा. कोट्यवधि वर्षांपूर्वीं येथें समुद्र होता. त्यांतील सूक्ष्म शैवालांचीं चुनकट कवचें तळाशीं सांचून हा मऊ, पांढरा खडक झाला. उतारांवर मातीचा थर अगदीं पातळ, आणि पाणी खडकांत झिरपून जाणारें. तेथें बुटकें, दाट गवत उगवतें; त्यांत रानऑर्किडें फुलतात, निळीं फुलपांखरें भिरभिरतात. पाहणारास वाटतें, हा माळ सृष्टीनेंच असा राखला आहे. वस्तुतः तो मेंढ्यांनीं आणि सशांनीं शतकानुशतकें चरून राखला. चराई थांबली, कीं कांटेरी झुडपें माळ गिळूं लागतात.

लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेचे चिटणीस सर पीटर चामर्स मिचेल यांनीं या उजाड टेकडीवर बाग काढावयाचें ठरविलें. उष्ण देशांतील जनावरें ऊबदार, बंदिस्त खोल्यांतच जगतील, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. मोकळी हवा त्यांस अधिक मानवते, असें त्यांचें मत होतें. १९२६ सालीं संस्थेनें येथील एक पडीक शेत विकत घेतलें, आणि १९३१ च्या मे महिन्यांत बाग लोकांस खुली झाली. आजही तेथें वॉलबी, म्हणजे कांगारूंचे धाकटे भाऊबंद, प्रेक्षकांच्या वाटेंत मोकळे हिंडतात. सभोंवार कुंपण आहे, हें विसरूं नये. परंतु पिंजरा आणि कुंपण यांत जनावराच्या दृष्टीनें पुष्कळच अंतर आहे, असें मला वाटतें. लंडनच्या बागेंतील हत्तीदेखील २००१ सालीं येथेंच आणले गेले.

टेकडीच्या उतारावर हिरवळ खरवडून एक पांढरा सिंह कोरलेला आहे. त्याची लांबी ४८३ फूट. हें काम १९३३ च्या सुमारास पुरें झालें. दुसऱ्या महायुद्धांत शत्रूच्या विमानांस खूण मिळूं नये म्हणून तो झांकावा लागला! एरवींही त्यावर गवत माजूं नये म्हणून देखभाल करावी लागतेच.

मोकळ्या जागेचा खरा उपयोग कळप वाढविण्यांत आहे. पेर डेव्हिडचें हरीण हें मूळचें चीनमधलें. १९०० च्या सुमारास तें तेथून नाहींसें झालें. जवळच्याच वोबर्न येथें ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनीं १८ हरणें जमवून वंश राखला. पण सारा वंश एकाच उद्यानांत, आणि वर महायुद्ध! म्हणून त्यांतील कांहीं हरणें व्हिप्सनेडसारख्या इतर ठिकाणीं ठेवण्यांत आलीं. १९८५ सालीं वोबर्नमधून एक कळप पेकिंगजवळच्या त्यांच्या जुन्या उद्यानांत परत गेला, आणि १९८६ सालीं ब्रिटनमधील प्राणिबागांतून ३९ हरणें चीनच्या किनाऱ्यावरील दाफंग येथें पोंचलीं.