कोपऱ्याची गोलाई

साच्यातून काढलेल्या उकडीच्या मोदकावर पाकळ्या उठून दिसतात. साच्यात मात्र त्या पाकळ्यांच्या जागी खाचा असतात. वस्तूवर जो उंचवटा, तो साच्यात खळगा. वस्तूवर जो खळगा, तो साच्यात उंचवटा. प्लॅस्टिकची साबणदाणी, जेवणाचा डबा, विजेचे बटण या वस्तू याच तत्त्वाने घडतात. फरक इतकाच, की त्यांचे साचे कठीण पोलादाचे असतात आणि एकाच साच्यातून हजारो, कधी लाखो वस्तू निघतात.

साबणदाणीचा कोपरा बोटाने चाचपून पाहिला, तर तो टोकदार नसून गोलसर असल्याचे जाणवते. ही गोलाई केवळ शोभेसाठी नसते. आतला कोपरा टोकदार असला की वस्तूवर पडणारा ताण तेथे एकवटतो आणि तडा तेथूनच जातो. वितळलेले प्लॅस्टिकही काटकोनापेक्षा गोल वळणावरून अधिक सहजतेने वाहते. या गोलाईला अभियंते 'फिलेट' म्हणतात. कारखान्यात 'रेडियस' हा शब्द अधिक रुळलेला आहे.

पोलादात असा खळगा कोरणे सोपे नाही. कापणारे फिरते हत्यार अरुंद व खोल खाचेच्या तळाशी पोहोचत नाही. अशा वेळी विजेच्या ठिणगीचे साहाय्य घेतले जाते. ठिणगीने धातू झिजतो, हे जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने 1770 च्या सुमारास नोंदवले होते. पुढे 1943 मध्ये सोव्हिएत रशियातील बोरिस व नताल्या लाझारेन्को हे दांपत्य विद्युत उपकरणांतील संपर्कबिंदूंची झीज कशी टाळावी, याचा अभ्यास करत होते. जी झीज टाळायची होती, तिलाच त्यांनी कामाला लावले.

या पद्धतीत तांब्याचा किंवा ग्राफाइटचा एक ठोकळा घडवतात. त्याला 'इलेक्ट्रोड' म्हणतात. इलेक्ट्रोड आणि पोलाद दोन्ही विशिष्ट तेलात बुडवून एकमेकांच्या अगदी जवळ आणतात. पण त्यांचा स्पर्श होऊ देत नाहीत. मधल्या फटीत दर सेकंदाला हजारो ठिणग्या उडतात. ठिणगीच्या जागी तापमान क्षणभर 8,000 ते 12,000 अंश सेल्सिअसपर्यंत जाते. पोलादाचा सूक्ष्म कण वितळतो आणि तेल तो वाहून नेते. अशा रीतीने इलेक्ट्रोडचा आकार पोलादात उतरत जातो.

येथेच खरे गणित सुरू होते. ठिणगी फट ओलांडून पलीकडचा धातू झिजवते. म्हणून इलेक्ट्रोड खळग्यापेक्षा सर्व बाजूंनी फटीइतका लहान ठेवावा लागतो. समजा, फट 0.1 मिलिमीटर आहे आणि खळग्याच्या आतल्या कोपऱ्याची त्रिज्या 1 मिलिमीटर हवी आहे. तर इलेक्ट्रोडच्या बाहेरच्या कोपऱ्याची त्रिज्या 0.9 मिलिमीटर ठेवावी लागेल. याउलट, साच्यातील उंचवट्याची कड 1 मिलिमीटर त्रिज्येने गोल करायची असेल, तर इलेक्ट्रोडमधील आतली गोलाई 1.1 मिलिमीटर हवी. एकीकडे वजाबाकी, दुसरीकडे बेरीज. इलेक्ट्रोडचा कोपरा अगदी टोकदार ठेवला, तरी खळग्यात फटीइतकी गोलाई उरतेच.

संगणकावर इलेक्ट्रोडचा आराखडा काढताना अडचण येते ती बहुधा अरुंद जागी. डब्याच्या बळकटीसाठी दिलेली पट्टी 1 मिलिमीटर जाड असून तिची कड पूर्ण अर्धगोल, म्हणजे 0.5 मिलिमीटर त्रिज्येची आहे, असे मानू. फट दोन्ही बाजूंना 0.1 मिलिमीटर धरली, तर इलेक्ट्रोडची जाडी 0.8 उरते. तिच्या दोन्ही कडांना 0.5 त्रिज्या देऊ पाहणारा फसतो, कारण 0.8 मध्ये 0.5 दोनदा मावत नाही. योग्य त्रिज्या आहे 0.4. त्या मापाला मधला सपाट भाग पूर्ण नाहीसा होतो. म्हणून दोन कडा वेगवेगळ्या गोल करण्याऐवजी एकच अर्धगोल काढणे सोयीचे ठरते. तीन कडा एका बिंदूत मिळत असतील, तर सामान्यतः मोठी गोलाई आधी आणि लहान नंतर द्यावी.

इलेक्ट्रोडही झिजतो आणि सर्वांत आधी झिजतात ते त्याचे कोपरे. म्हणून ओबडधोबड कामासाठी एक आणि अखेरच्या सफाईसाठी दुसरा इलेक्ट्रोड वापरतात. दोहोंची फट वेगळी असते. त्यामुळे गोलाईचे माप दोनदा काढावे लागते.

म्हैसूरचे गोकुलम हे उपनगर योगाभ्यासामुळे जगभर परिचित आहे. त्याच्या जवळच मेटगळ्ळी व हेब्बाळ हा औद्योगिक परिसर आहे. मेटगळ्ळीत कर्नाटक शासनाचे टूलरूम व प्रशिक्षण केंद्र आहे, तर हेब्बाळमध्ये प्लॅस्टिक अभियांत्रिकी शिकवणारी 'सिपेट' ही केंद्र सरकारची संस्था आहे. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर येथे इंडो-जर्मन टूलरूम आहे. दहावीनंतर साचे घडवण्याची पदविका देणाऱ्या अशा संस्थांमुळे हे कौशल्य सामान्य घरांतील मुलामुलींच्याही आवाक्यात आले आहे. त्यासाठी लागणारे गणित बेरीज-वजाबाकीचेच आहे. पण ते चुकले, तर साच्यातून निघणारी प्रत्येक वस्तू चुकते. कारागिराची खरी परीक्षा सपाट पृष्ठभागावर होत नाही, ती कोपऱ्यात होते.

आकलन तपासा

1. वस्तूचा आतला कोपरा टोकदार का ठेवत नाहीत?
2. फट 0.2 मिलिमीटर असून खळग्याच्या आतल्या कोपऱ्याची त्रिज्या 1.5 मिलिमीटर हवी आहे. इलेक्ट्रोडच्या कोपऱ्याची त्रिज्या किती ठेवाल?
3. 'जी झीज टाळायची होती, तिलाच त्यांनी कामाला लावले' या विधानाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा.